जमिनीपासून चार बोटं

भाऊ भर दुपारी रस्त्यावर पालथे पडले होते ही गोष्ट खरी. पण ते पडले नव्हते, आडवे झाले होते, आणि तेही पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या मर्जीने. एवढा साधा फरक कॉलनीतल्या एकाही सुशिक्षित माणसाला कळू नये, याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

त्याचं असं आहे, की स्पोर्ट्स कार ही उभ्याने बघायची वस्तूच नव्हे. उभ्याने पाहिली तर ती कुणीतरी वर बसून चपटी केलेल्या बुटासारखी दिसते. तिच्या दिव्यांच्या उंचीवर डोळा न्यावा, म्हणजे ती झेप घ्यायच्या बेतात असलेल्या जनावरासारखी दिसू लागते. आता डोळा तिथे न्यायचा तर मागोमाग पोटही तिथे न्यावं लागतं, आणि भाऊंच्या पोटाचा विचार करता ही क्रिया सावकाश, टप्प्याटप्प्याने आणि थोडी कण्हत होते. लांबून पाहणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो, हे भाऊ मान्य करतात. पण जवळून पाहणाऱ्यांचाही व्हावा?

भाऊ नगरपालिकेच्या रस्ते विभागात हेडक्लार्क. घरी एक स्कूटर. मोटार घ्यावी असं त्यांच्या मनात कधी आलं नाही आणि तसं कुणी सुचवलं तर त्यांना नवल वाटे. चंद्र आवडणारा माणूस चंद्र विकत घ्यायला निघतो का? त्यांना त्या गाड्यांकडे फक्त बघायचं असे, आणि बघून झालं की फोटो काढायचा असे. यापायी नातेवाइकांत त्यांचं नाव खराब झालं होतं. पुतणीच्या लग्नात फोटोची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि त्याच लग्नाला कुणी पाहुणा पिवळीधमक परदेशी गाडी घेऊन आला. पुढचं सांगायला नको. अल्बममध्ये नवरीचा एकच फोटो आहे. त्यातही ती गाडीच्या दारात प्रतिबिंब म्हणून दिसते. "पण काय सुरेख आलीय!" असं भाऊ अजून म्हणतात, आणि ते कुणाविषयी बोलतायत हे त्यांच्या बायकोला, म्हणजे कॉलनीच्या वहिनींना, विचारावं लागत नाही.

तर त्या दुपारी कॉलनीसमोरच्या दातांच्या दवाखान्याबाहेर एक गाडी येऊन उभी राहिली. रंग पिकलेल्या संत्र्याचा. नाव असं, की त्यातली निम्मी अक्षरं लिहायची पण उच्चारायची नाहीत. भाऊंनी खिडकीतून पाहिलं, हातातला चहा तसाच ठेवला आणि कॅमेरा गळ्यात अडकवून ते जिना उतरले. रविवार होता, रस्ता रिकामा होता. ते गाडीसमोर हळूहळू आडवे झाले, डोळा लावला, श्वास रोखला.

श्वास रोखला, हीच चूक झाली.

"अहो, धावा! भाऊ गेले!" कॉलनीच्या फाटकातून सेक्रेटरी ओरडले. कॉलनीचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं, की त्यांची सख्खी बहीणसुद्धा त्यांना सेक्रेटरीच म्हणे. "हालचाल नाही! कांदा आणा, कांदा!"

"कांदा नंतर. आधी हवा," म्हणत तळमजल्यावरचे मास्तर आले. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून वर्गाच्या शोधात होते. त्यांनी गर्दीला मागे सरकायला सांगितलं, त्यामुळे नेमकी गर्दी जमली. कुणीतरी बादली आणली. ती बादली तिरकी होताना भाऊंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली आणि लेन्स वाचवण्यासाठी अंगाची मुटकुळी करून ते कॅमेऱ्यावर ओणवे झाले.

"झटका आला!" गर्दी एका सुरात म्हणाली, आणि पाणी पडलं.

एवढ्यात दवाखान्याचं दार उघडून गाडीचा मालक बाहेर आला. अशा गाडीचा मालक म्हणजे काळा चष्मा, दंडावर गोंदण, निदान डोक्यावर केस तरी, अशी लोकांची कल्पना. हा गृहस्थ पन्नाशीचा, टक्कल पडलेला, एक गाल सुजलेला. दाढ उपटून घ्यायला आला होता आणि नुकतीच त्याची जीभ बधिर केली होती.

"ताय दालं?" त्याने घाबरून विचारलं.

"माणसाला उडवलंस आणि वर काय झालं म्हणून विचारतोस?" सेक्रेटरींनी त्याची बाही धरली.

"माधी दाली तल उभी होती!"

"जीभ बघा कशी अडखळतेय. प्यालाय दिवसाढवळ्या!"

मागून हातमोजे घातलेल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, सोडा त्यांना! मी इंजेक्शन दिलंय त्यांना!"

"त्यांना कशाला? ह्यांना द्या की!" सेक्रेटरींनी भाऊंकडे बोट दाखवलं.

तेव्हा मात्र भाऊ उठून बसले. केसांतून पाणी निथळतंय, कुणीतरी नाकाशी धरलेला कांदा अजून तिथेच, आणि समोर सगळी कॉलनी. "मला काहीही झालेलं नाही," ते जमेल तितक्या भारदस्त आवाजात म्हणाले. "मी फोटो काढत होतो."

भाऊ जिवंत आहेत याचा आनंद व्हायला हरकत नव्हती, पण लोकांच्या चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव आला. "असं सांगून तरी पडायचं," मास्तर म्हणाले. जिन्यावरून सगळं पाहणाऱ्या वहिनींनी फक्त कपाळाला हात लावला आणि टॉवेल आणायला आत गेल्या.

आनंद झाला तो एकट्या मालकाला. नळ आणि तोट्या बनवायचा त्याचा कारखाना होता, म्हणून कॉलनीने त्याला पुढे नळवाले असं नाव दिलं. पुढच्या खेपेला जीभ ताळ्यावर असताना ते मुद्दाम भाऊंकडे आले आणि म्हणाले, "लोक मला दोनच गोष्टी विचारतात. केवढ्याला पडली आणि ॲव्हरेज किती देते. तिच्यासमोर आडवे झालेले तुम्ही पहिलेच."

इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

"माझा एक फोटो काढाल तिच्याबरोबर?" नळवाले संकोचत म्हणाले. "आत्तापर्यंत जे निघालेत त्यात मी घाबरलेला दिसतो."

"का नाही काढणार? आमच्या कॉलनीत मागच्या बाजूला वेलींनी भरलेली भिंत आहे. संध्याकाळी तिच्यावर असं काही ऊन येतं! तुम्ही रविवारी गाडी आतच घेऊन या."

आता इथे कॉलनीच्या गतिरोधकाविषयी सांगितलं पाहिजे. फाटकातून आत शिरल्या शिरल्या एक गतिरोधक होता. तो सेक्रेटरींच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं बांधकाम. त्याची परवानगी भाऊंच्याच विभागातून गेलेली, आणि परवानगीत उंची अगदी माफक लिहिलेली. पण बांधणाऱ्याचा हात सढळ आणि सेक्रेटरींचा उत्साह त्याहून सढळ. त्यामुळे गतिरोधकाऐवजी एक छोटीशी टेकडी तयार झाली होती. भाऊ तिच्यावरून रोज स्कूटरने जात. जाऊन जाऊन अशी सवय झाली होती, की फाटक आलं की त्यांचं बूड आपोआप सीटवरून उचललं जाई. डोक्याला कळवायची गरजच पडत नसे. डोक्याला कळलं असतं तर रविवारचं आमंत्रण देताना आठवलं असतं. आणि नळवाल्यांच्या गाडीचं पोट होतं जमिनीपासून चार बोटं. भाऊंना हे पाठ होतं. त्यांना गाडीचं सगळं पाठ होतं, फक्त कॉलनीचं नव्हतं.

रविवारी कॉलनीने जय्यत तयारी केली. भिंतीसमोरची वाळत घातलेली चादर काढली, तुटकी सायकल हलवली. सेक्रेटरी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे राहिले. संध्याकाळच्या उन्हात गाडी आली, घुरघुरली, वळली, आणि नाक वर करून दिमाखात गतिरोधकावर चढली.

मग आवाज आला. लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यावर येतो तसला. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि मधे ती देखणी गाडी पोटावर टेकून अधांतरी. वाऱ्याची झुळूक आली की किंचित झुले. आत नळवाले दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुतळ्यासारखे बसले होते.

"हलू नका!" मास्तर ओरडले. त्यांना वर्ग मिळाला होता. "हा तरफेचा पहिला प्रकार आहे. टेकू मधे, भार—"

"मास्तर, भार काय ते नंतर. तेल ओता खालून," वरच्या मजल्यावरून सूचना आली.

"तेल नको, साबणाचं पाणी बरं."

"पुढे चार जण बसवा. जाड बघून."

हे म्हणताना सगळ्यांनी भाऊंकडे का पाहिलं, हे भाऊंनी न समजल्यासारखं केलं.

"त्यापेक्षा हा गतिरोधकच फोडा ना," वहिनी म्हणाल्या. कॉलनीत सरळ विचार करणारं माणूस बहुधा तेच.

"माझ्या प्रेतावरून!" सेक्रेटरी गतिरोधकाच्या उरलेल्या भागावर उभे राहिले.

"आणि तसंही," भाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "रस्ते विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गतिरोधकाला हात लावता येत नाही."

"मग द्या की परवानगी! तुम्हीच ना रस्ते विभाग?"

"मी विभाग नाही, मी विभागात हेडक्लार्क आहे," भाऊ दुखावून म्हणाले. "आणि आज रविवार आहे."

शेवटी उचलायचं ठरलं. नळवाल्यांना खिडकीतून धीर देऊन बाहेर काढलं. सगळी कॉलनी गाडीभोवती जमली. सेक्रेटरी, मास्तर, कंबरपट्टा लावणारे, गुडघ्याला फडकं बांधणारे, सगळे. "एक, दोन—" झालं आणि गाडी हलली. त्याच क्षणी फाटकाच्या खांबांमधून उन्हाची एक तिरीप सरळ तिच्यावर पडली. संत्र्याच्या रंगाने पेट घेतला. शेजाऱ्यांच्या हातांवर उचललेली, हवेत तरंगणारी गाडी! भाऊंचा हात कॅमेऱ्याकडे गेला. असा फोटो जन्मात एकदाच मिळतो, हे त्यांना कळलं. ते आडवे व्हायला लागलेसुद्धा.

"अहो!" एका हाताने गाडीचा मागचा कोपरा धरून वहिनी लालबुंद चेहऱ्याने ओरडल्या. "ठेवा ते डबडं आणि हात लावा! कोपरा सुटतोय माझ्या हातून!"

भाऊंनी एकदा लेन्सकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मग कॅमेरा कठड्यावर ठेवला आणि जाऊन कोपऱ्याखाली खांदा दिला. ऊन गेलं. गाडी मात्र टेकडी ओलांडून अलगद पलीकडे उतरली. टाळ्या पडल्या. भिंतीसमोर फोटोही झाला, आणि त्यात नळवाले चक्क हसताना आले. चहा झाला, बिस्किटं झाली. सगळ्यांचा निरोप घेऊन नळवाल्यांनी गाडी सुरू केली, वळवली आणि फाटकाकडे आणून थांबवली.

समोर गतिरोधक होता.

सगळ्यांनी एकदा गतिरोधकाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

"म्हणजे आपण ती आत टाकली," मास्तर शेवटी म्हणाले.

"बाहेरच्या बाजूला उतरवायची होती का?" सेक्रेटरींनी विचारलं. "मग आधी बोलायचं!"

पुन्हा उचलण्याचा विषय कुणी काढला नाही. तोवर अर्ध्या कॉलनीच्या कमरा धरल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तर मास्तर पलंगावर पडूनच तरफ समजावून सांगत होते.

अशा रीतीने जगातली एक अतिवेगवान गाडी भाऊंच्या खिडकीखाली मुक्कामाला आली. भाऊंना स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना. सकाळच्या कोवळ्या उन्हात फोटो, ढगाळ हवेत फोटो, दव पडलेलं असताना फोटो. त्यांचे लेंगे गुडघ्यांवर आणि पोटावर फाटू लागले. वहिनी ठिगळ लावत म्हणायच्या, "माझ्याकडे इतकं टक लावून कधी पाहिलं होतंत?"

"तू कुठे एका जागी थांबतेस?" भाऊ म्हणायचे. उत्तर चुकलं हे ठिगळाच्या टाक्यांवरून कळायचं.

नळवाले रोज संध्याकाळी बसने येत, घडीची खुर्ची उघडून गाडीशेजारी बसत आणि भाऊंशी गप्पा मारत. एकदा हळूच म्हणाले, "खरं सांगू भाऊ? ती सुरू केली की मला उतरून पळावंसं वाटतं. हौसेनं घेतली. आता परत केली तर लोक हसतील. इथं आहे तेच बरं. उगाच घाई करू नका."

घाई कोण करत होतं! सेक्रेटरींना त्यांच्या घरच्यांनी टोचून टोचून गतिरोधक काढायचा अर्ज करायला लावला होता. तो अर्ज विभागात फिरत फिरत भाऊंच्या टेबलावर आला होता. आणि भाऊंनी, तीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या भाऊंनी, तो दुसऱ्या कागदांच्या खाली सरकवला होता. दुसऱ्या दिवशी वर आला, तर पुन्हा खाली. साहेबांची पावलं वाजली की त्यांचे कान गरम होत. गंमत अशी, की तिघांपैकी तक्रार कुणाचीच नव्हती. सेक्रेटरींना गतिरोधक हवा होता, नळवाल्यांना गाडी उभी हवी होती आणि भाऊंना उजेड हवा होता. कॉलनीच्या इतिहासात एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

पण एका सकाळी भाऊ नेहमीसारखे आडवे झाले आणि लेन्समधून पाहताना त्यांचा हात थांबला. पुढच्या चाकात कोळ्याने जाळं विणलं होतं. ऐसपैस, घाई नसलेलं. टपावर मांजर झोपलं होतं. आरशाला कुणीतरी पिशवी अडकवली होती. भाऊ दिव्यांच्या उंचीवरूनच बघत होते, तरी झेप कुठे दिसेना. समोर होतं ते एक महागडं कपाट. त्यांनी जागा बदलली, कुशीवर वळून पाहिलं. कपाटच.

ते उठले, कपडे झटकले, न जेवता ऑफिसला गेले. कागदांच्या तळातून अर्ज काढला, त्यावर शेरा मारला आणि सही करून साहेबांकडे पाठवला. छातीवरचं दडपण उतरलं. शिवाय सही झाली म्हणजे काम झालं असं थोडंच असतं? आपल्या खात्यावर भाऊंचा पूर्ण भरवसा होता. अजून कितीतरी सकाळी हातात होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फाटकात धाडधाड आवाज सुरू झाला. भाऊ बनियन-लेंग्यावर खाली धावले. खात्याची माणसं आली होती. वेळेवर आली होती! भाऊंच्या उभ्या नोकरीत असं घडल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"अहो, इतकी काय घाई?" ते कळवळून म्हणाले.

"साहेब म्हणाले, हेडक्लार्कच्या स्वतःच्या कॉलनीचं काम आहे, आधी उरका," मुकादम अभिमानाने म्हणाला.

सेक्रेटरी पाठ फिरवून उभे होते. टेकडी सपाट झाली तेव्हा वहिनी त्यांना चहा देऊन आल्या. निरोप मिळाल्यावर थोड्याच वेळात नळवाले आले. फाटकाकडे पाहून त्यांचा चेहरा दाढ उपटायच्या दिवशी होता तसाच झाला.

"भाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही बसा माझ्या शेजारी. एकट्यानं नाही जमायचं मला."

"मी? या कपड्यांत?"

"बसा हो," वहिनी म्हणाल्या. "रस्त्यावर लोळताना कपडे आठवले नाहीत ते?"

त्या गाडीत शिरायची एक पद्धत असते. आधी बूड खड्ड्यात टाकायचं, मग डोकं आत ओढायचं, मग बाहेर राहिलेले पाय एकेक करून गोळा करायचे. भाऊंचं बूड गेलं, डोकं गेलं. पाय मास्तर आणि सेक्रेटरींनी मिळून आत घातले. दार लागलं. गाडीने अशी डरकाळी फोडली, की मांजर दोन भिंती ओलांडून गेलं आणि कोळ्याचा संसार चाकाच्या पहिल्याच फेऱ्यात मोडला.

फाटकातून ते बाहेर पडले. नळवाले दुसऱ्या गिअरच्या पुढे जायला तयार नव्हते. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. जाताना त्याने घंटी वाजवली. तरी भाऊंच्या पाठीला, मांड्यांना, दातांना ती घरघर कळत होती. कॅमेरा मांडीवर होता. त्यांनी तो डोळ्याला लावला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पुन्हा मांडीवर ठेवला. आत बसल्यावर गाडी दिसतच नाही, ही गोष्ट त्यांना कधी सुचलीच नव्हती.

"भीती वाटतेय?" नळवाल्यांनी विचारलं.

"तुम्हाला?"

"फार. पण चालतेय की हो!" नळवाले म्हणाले आणि त्यांनी तिसरा गिअर टाकला.

पुढे बस थांब्यापाशी सिग्नल लाल झाला. रांगेतल्या माना एकदम वळल्या. ऑफिसला निघालेल्या एका बाईंनी खांद्यावरची पर्स पाठीमागे ढकलली, फोन काढला आणि नेम धरला.

भाऊंनी काही विचार केला नाही. त्यांनी बनियनचा गळा सारखा केला, पोट आत घेतलं, हनुवटी जराशी वर केली आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत श्वास रोखून धरला.